घनतेचा आकडा : काय सांगतो, काय लपवतो?

लोकसंख्येची घनता म्हणजे काय, असे वर्गात विचारले की उत्तर लगेच मिळते : एकूण लोकसंख्येला एकूण क्षेत्रफळाने भागायचे. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे विचारायचे मात्र बहुधा राहून जाते.

एक सोपा प्रयोग करू या. कागदावर दहा गुणिले दहा असे शंभर चौकोन आखा आणि ज्वारीचे शंभर दाणे घ्या. प्रत्येक चौकोनात एकेक दाणा ठेवा. घनता झाली चौकोनामागे एक. आता दाणे उचला, त्यांतले पंच्याण्णव कागदाच्या मधोमध असलेल्या पाच चौकोनांत दाटीवाटीने ठेवा आणि उरलेले पाच इकडेतिकडे टाका. आता घनता किती? तीच! दाणे शंभर, चौकोन शंभर. बदलले ते दाण्यांचे वितरण. घनता 'किती' हे सांगते, वितरण 'कुठे' हे सांगते.

कागदाची ही दुसरी मांडणी काल्पनिक नाही. एक चौकोन दहा हजार चौरस किलोमीटरचा आणि एक दाणा दहा लाख लोकांचा मानला, तर हा साधारणपणे इजिप्त देश होतो. तेथील क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौ. किमी. आणि लोकसंख्या २०२० साली १० कोटींच्या वर गेली. म्हणजे सरासरी घनता शंभराच्या आसपास. पण सुमारे ९५ टक्के लोक राहतात ते नाईल नदीच्या काठी आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात. बाकी बहुतेक वाळवंट.

अशा देशासाठी भूगोलात दुसरे माप वापरतात. एकूण लोकसंख्येला सगळ्या जमिनीने न भागता फक्त शेतीयोग्य जमिनीने भागायचे. याला कायिक घनता म्हणतात. इजिप्तमध्ये अशी जमीन चार टक्के धरली, तर दर चौ. किमी. मागे अडीच हजार माणसे येतात! शंभर आणि अडीच हजार, दोन्ही आकडे खरेच. फक्त प्रश्न वेगळे आहेत.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. आपल्याच राज्यातले दोन जिल्हे पाहू. सोलापूर आणि गडचिरोली यांची क्षेत्रफळे जवळजवळ सारखी, चौदा-पंधरा हजार चौ. किमी. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची घनता २९०, तर गडचिरोलीची अवघी ७४. गडचिरोलीचा बराच मोठा भाग जंगलाखाली आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रासाठीचा सर्वसाधारण निकष असा : सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक, डोंगराळ व आदिवासी भागात २० हजारांमागे एक. म्हणजे विरळ वस्तीला सवलत दिलेली आहे. आता गणित करून पाहू. सोलापूरच्या सरासरीने ३० हजार लोक सुमारे १०३ चौ. किमी. मध्ये सापडतील. गडचिरोलीत २० हजार लोकांसाठी सुमारे २७० चौ. किमी. लागतील. सवलत देऊनही एका केंद्राच्या वाट्याला अडीचपटीहून जास्त प्रदेश आला. त्यात मध्ये जंगल आणि पावसाळ्यात भरून वाहणारे नाले.

येथे तिसरी संज्ञा लागते : पोहोच, म्हणजे एखाद्या ठिकाणी जाऊन पोचणे किती सोपे वा अवघड आहे. ती माणसे मोजून कळत नाही. अंतर, रस्ता आणि लागणारा वेळ पाहावा लागतो. कागदावर दोन्हीकडे निकष पुरा झालेला दिसेल, पण तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन निघालेल्या आईच्या दृष्टीने ही दोन केंद्रे सारखी नाहीत.

हेच गणित विद्यार्थ्यांकडून आपापल्या तालुक्यासाठी करून घेता येईल. गावांची लोकसंख्या जनगणनेच्या पुस्तिकेत मिळते. नकाशावर दर पाचशे माणसांमागे एक ठिपका द्यावा, मग शाळा, दवाखाना, एस.टी. थांबा दाखवावा. सर्वांत दूरचा ठिपका कोणता, आणि तिथून दवाखान्यापर्यंत पावसाळ्यात किती वेळ लागतो, हे त्या गावच्या माणसांनाच विचारावे. घनतेच्या व्याख्येत हा प्रश्न नाही. तो आपण विचारायचा आहे.