साठ डॉलरांचे घर

घरमालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक मूर्ती उभी राहते. एक तारखेला न चुकता जिना चढून येणारी आणि नळ गळतो म्हणताच ऐकू न येणारी! पण पृथ्वीच्या पाठीवर असाही एक मुलूख आहे की, जेथे निम्म्याहून अधिक लोकांचा घरमालक एकच आहे आणि तो म्हणजे सरकार. भाडे मागायला येणारा कारकून तिथे बहुधा भाडेकरूच्या नात्यातलाच निघतो.

हा मुलूख म्हणजे कॅनडाच्या अगदी उत्तरेचा नूनावुत. १ एप्रिल १९९९ रोजी तो स्वतंत्र प्रदेश झाला. विस्तार सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपला महाराष्ट्र त्यात सहज सहा वेळा मावावा. आणि २०२१ च्या शिरगणतीत माणसे किती? अवघी ३६,८५८! ही मंडळी पंचवीस गावांतून विखुरलेली आहेत आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ताच नाही. विमानाने जा, नाहीतर समुद्र मोकळा असेल तेव्हा बोटीने. राजधानी इकालुइत, तिची वस्ती साडेसात हजारांच्या आतली.

येथील मूळ रहिवासी इनुइत. 'इग्लू' हा त्यांच्या भाषेतला शब्द आपण शाळेच्या भूगोलात बर्फाच्या घुमटाला चिकटवून दिला. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ नुसते 'घर'. उन्हाळ्यात तंबू, हिवाळ्यात बर्फाचे किंवा मातीगवताचे घर आणि शिकारीमागे फिरते बिऱ्हाड, असा त्यांचा संसार चाले. भाडे हा प्रकारच त्यात नव्हता. १९५० ते १९७० च्या दरम्यान शाळा, दवाखाना, सरकारी मदत यांच्या निमित्ताने, कुठे गोडीने तर कुठे दडपणाने, त्यांना कायम वस्त्यांत आणले गेले. पहिली घरे इतकी चिमुकली होती की त्यांना 'काड्यापेटी' हेच नाव पडले. १९६५ साली सरकारने भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. पुढे २००७ ते २०१० या काळात किकिकतानी सत्यशोधन आयोगापुढे वृद्ध इनुइतांनी साक्षी दिल्या. कित्येकांच्या आठवणीत एकच गोष्ट पक्की बसली होती: 'भाडे महिना अवघे दोन ते सहा डॉलर पडेल, असे आम्हाला सांगितले होते.' आजचा कारकून भाड्याचा कागद घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा ते जुने आश्वासनही त्याच्या आधीच येऊन उभे राहिलेले असते.

कारभाराची घडी अशी. वर प्रदेशाचे गृहनिर्माण महामंडळ आणि खाली गावोगावी एकेक स्थानिक गृहसंस्था. संस्थेत एक व्यवस्थापक, भाडेकरूंचे कागदपत्र पाहणारा एखादा कारकून आणि दुरुस्तीची चार माणसे. देखरेखीला गावातल्याच लोकांचे मंडळ. घर कोणाला द्यायचे हे गुणांवर ठरते. किती माणसे किती खोल्यांत कोंबली आहेत, सध्याच्या घराची दशा काय, प्रकृतीची अडचण आहे काय, अर्ज किती दिवस पडून आहे, असे गुण मांडायचे नि यादी करायची.

आपल्याकडे म्हाडाची सोडत निघते. तेथे नशीब यंत्राच्या हाती असते. नंबर लागला नाही तर दोष द्यायला समोर माणूस नसतो. पण सहाशे वस्तीच्या गावात गुण देणारा आणि गुण घेणारा एकाच दुकानात रांगेला उभे राहतात. मंडळातल्या सभासदाने आपल्या नातलगाचा अर्ज आला की बाजूला व्हावे, हे तर उघडच. पण अशा गावात नातलग नाही असा माणूस आणायचा कोठून? काटेकोरपणे वागायचे ठरवले तर सभेची खोली रिकामी व्हायला वेळ लागायचा नाही.

भाडे मिळकतीवर आकारतात. ज्याची मिळकत नाहीच्या बरोबर, त्याला महिना साठ डॉलर. एक घर चालवायला सरकारला वर्षाकाठी वीस हजार डॉलरांहून अधिक खर्च येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हे साठ डॉलर नाममात्र वाटतात. पण मिळकत वाढली की भाडेही वाढते. पूर्वी घरातल्या सगळ्या मिळवत्या माणसांची कमाई हिशेबात धरीत. मुलगा दुकानात कामाला लागला की त्याचा पगार आईच्या भाड्यात उगवे! कमवायला लागल्याचा असा दंड भरावा लागत असेल तर तरुणाने नोकरी का धरावी? २०१४ साली नियम बदलून केवळ दोन मुख्य भाडेकरूंचीच मिळकत धरायचे ठरले. माझ्या मते त्या खात्याने केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी ही एक. तरीही थकबाकी कोट्यवधी डॉलरांची आहेच. थकवणाऱ्याला काढायचे तर पाठवायचे कोठे? गावात दुसरे भाड्याचे घर नाही आणि बाहेर उणे चाळीस अंश. तो जाणार बहिणीकडे. म्हणजे तिच्या घरात आणखी पाच माणसे आणि तिच्या अर्जाला आणखी काही गुण.

दुरुस्तीवाल्याची कथा तर आणखी निराळी. जमीन खोलवर कायमची गोठलेली. घराची ऊब तिला लागली तर ती वितळून घर कलंडेल, म्हणून घरे लोखंडी खांबांवर नाहीतर जॅकवर उचललेली असतात. बहुतेक गावांत नळ नाही. टँकर येऊन घरातली टाकी भरतो आणि दुसरा येऊन सांडपाण्याची टाकी रिकामी करतो. दुसरी टाकी भरली की पहिलीचा पंप आपोआप बंद. घरात चौदा माणसे असली तर हे किती वेळा होत असेल, ते गृहिणींनी मनाशी ताडावे. तेलाची शेगडी मध्यरात्री बंद पडली तर मिस्त्रीला सकाळची वाट पाहता येत नाही. काही तासांत पाण्याचे नळ गोठून फुटतात. सुटे भाग जहाजाने येतात आणि जहाज येते उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. मागणीत एखादी वस्तू राहिली तर पुढल्या वर्षापर्यंत थांबा, नाहीतर विमानाचे भाडे मोजा.

दाटीने आजार वाढतो. भिंतीवर बुरशी, छातीत खोकला. २०२१ च्या नोव्हेंबरात पांगनिर्तुंग गावात क्षयाची साथ जाहीर झाली. २०३० पर्यंत इनुइत मुलखातून क्षय हटवण्याचा पण कॅनडा सरकारने २०१८ सालीच केला होता. पण औषध घेऊन रोगी परततो तो त्याच खोलीत!

मग घरे का बांधीत नाहीत? १९९३ साली मध्यवर्ती सरकारने नव्या सामाजिक घरांना पैसे देणे थांबवले, आणि नूनावुतची लोकसंख्या मात्र तरुण नि वाढती. पुढे मदत आली ती तुकड्यातुकड्यांनी. एकेका घराला पाच लाख डॉलरांहून अधिक लागतात, कारण फळीपासून खिळ्यापर्यंत सारे दक्षिणेहून यायचे. २०२२ मध्ये प्रदेश सरकारने २०३० पर्यंत तीन हजार घरांची योजना जाहीर केली.

गावकऱ्यांच्या मनात आणखी एक सल आहे. दक्षिणेतून आलेल्या सरकारी नोकराला पुष्कळदा नोकरीबरोबर सवलतीचे घरही मिळते. शेजारी जन्मलेला माणूस यादीत वर्षानुवर्षे उभा. त्यालाही तशी नोकरी मिळू शकते, नाही असे नाही. पण तिच्याबरोबर घर मिळेलच असे नाही आणि पगार वाढताच भाडे वाढणार. शिवाय घर नोकरीबरोबर आले तर ते नोकरीबरोबर जातेही. गृहसंस्थेत काम करणारा स्थानिक कारकून तर कित्येकदा स्वतःच तिचा भाडेकरू असतो.

आता समजा, जहाजाने आलेल्या सामानातून चार घरे उभी राहिली आणि यादीत नावे आहेत साठ. मंडळाची सभा रात्री उशिरापर्यंत चालते. कारकून गुणांच्या बेरजा पुन्हापुन्हा तपासतो. चार नावे ठरतात. छपन्न कुटुंबांना ती सकाळ व्हायच्या आतच ठाऊक होतात; एवढ्याशा गावात बातमीला टपाल लागत नाही. नऊ वाजता कचेरी उघडते, तेव्हा दारात उभा असलेला माणूस बहुधा त्या छपन्नांपैकीच असतो. त्याच्या घरची शेगडी बंद पडलेली असली तर भांडण तसेच ठेवून मिस्त्रीला आधी त्याच्याकडे धाडावे लागते.