धेंपो: पाच वेळा देशात पहिला, आता शिडीच्या दुसऱ्या पायरीवर

(आपल्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय आहे ना' थोडे कमी केलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आज एका क्लबची गोष्ट सांगायची आहे. भारतात आय-लीग जेव्हा सगळ्यात वरची लीग होती, तेव्हा ती सर्वात जास्त वेळा, म्हणजे तीनदा, कुणी जिंकली? मोहन बागान? ईस्ट बंगाल? नाही. गोव्याच्या धेंपोनं. आणि त्याआधी राष्ट्रीय फुटबॉल लीग होती, तीसुद्धा दोनदा. एकूण पाच.

हाच धेंपो आज दुसऱ्या श्रेणीत खेळतो. आता तुम्ही म्हणाल, मोठे क्लब घसरतात, त्यात नवल काय? इंग्लंडमध्ये तर दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी घसरतं. पण धेंपोची गंमत अशी की तो नुसता घसरला नाही. तो खाली गेला, एका वर्षात जिंकून वर आला, आणि नेमकं तेव्हाच त्यानं शिडीवरून उतरून घर गाठलं. असं का केलं, आणि आठ वर्षांनी परत का आला, हे समजून घेतलं की भारतीय फुटबॉलचं अर्धं दुखणं समजतं.

खाणवाल्यांचे क्लब

आधी थोडी पार्श्वभूमी. गोव्यात फुटबॉल गावागावांत आहे, चर्चच्या मैदानावर आहे, भात कापून झालेल्या शेतात आहे. पण मोठा क्लब चालवायचा तर पैसा लागतो, आणि गोव्यात तो पैसा बराच काळ खनिजातून आला. धेंपो काय, साळगावकर काय, मागे उभी होती ती खाण-उद्योगातली घराणी. धेंपो क्लबची स्थापना १९६८ सालची.

मुंबईकर जुन्या मंडळींना धेंपो आठवत असेल तो कूपरेजवरून. रोव्हर्स कप हा मुंबईचा एकेकाळचा मानाचा कप, तो धेंपोनं तीनदा नेला.

कुलासोंची आठ वर्षं

खरा सुवर्णकाळ मात्र नंतरचा. प्रशिक्षक आर्मांद कुलासो. कोलकात्याच्या क्लबांकडे प्रशिक्षक वर्षाला दोन-दोन बदलत होते, तेव्हा धेंपोनं एकाच गोवेकर माणसाला दशकभर ठेवलं. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. आठ मोसमांत पाच राष्ट्रीय जेतेपदं, पाचही कुलासोंच्या हाताखाली.

संघ कसा होता? मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बाजूनं क्लिफर्ड मिरांडा, बचावात महेश गवळी आणि समीर नाईक. सगळी गोव्याची मुलं आणि सगळे भारताकडून खेळलेले. त्यांच्या जोडीला ब्राझीलचा बेटो आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. रँटीनं २०११-१२ च्या एका मोसमात लीगमध्ये ३२ गोल केले. बत्तीस! २००८ मध्ये हा संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. लेबनॉनच्या सफा क्लबनं त्यांना अडवलं.

या काळाच्या अगदी सुरुवातीला एक जखम आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची अंतिम लढत, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर यानं दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो मैदानातच कोसळला. वय अवघं पंचवीस. त्याचा मृत्यू झाला. धेंपो २-० नं जिंकला, पण तो कप कुणाला साजरा करता आला असेल? क्लबनं त्याची १० नंबरची जर्सी कायमची काढून ठेवली.

२०१५: शेवटून दुसरे, तरी खाली

आता घसरणीकडे येऊ. २००९ मध्ये धेंपो समूहानं आपला खाण व्यवसाय सेसा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला. क्लब मात्र घराण्याकडेच राहिला. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणीच बंद झाल्या आणि ज्या पैशावर गोव्याचा फुटबॉल उभा होता तो झराच आटला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. शहरांच्या नावाचे संघ, टीव्ही, चमकधमक. प्रेक्षक आणि प्रायोजक तिकडे वळले.

२०१४-१५ चा आय-लीग मोसम धेंपोला वाईट गेला. अकरा संघांत दहावा नंबर. आता नीट ऐका. अकरावा, म्हणजे तळाचा संघ होता पुण्याचा भारत एफसी. पण तो थेट प्रवेश मिळालेला नवा कॉर्पोरेट संघ, म्हणून पहिल्या वर्षी त्याला उतरण्यापासून सूट होती. त्यामुळे खाली गेला धेंपो. आणि भारत एफसीचं काय झालं? तो संघ त्या एका मोसमानंतर बंदच पडला! पाच वेळचा विजेता खाली, आणि ज्याला वाचवलं तो नाहीसाच.

धेंपोनं कुरकुर न करता दुसरी डिव्हिजन खेळली आणि २०१५-१६ मध्ये ती जिंकली. वर यायचा हक्क मैदानात कमावला.

मग माघार का?

कारण त्याच सुमारास महासंघानं नवा आराखडा मांडला. सुपर लीग होणार वरची लीग, आय-लीग तिच्या खाली ढकलली जाणार, आणि खालून वर जायचा रस्ता नाही. म्हणजे तुम्ही आय-लीग जिंका, दहा वेळा जिंका, वर जाता येणार नाही. वर जायचं तर पैसे भरून जागा घ्यायची.

धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, गोव्याच्या तिन्ही क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. त्यावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. कुणी म्हणालं, स्वाभिमान. कुणी म्हणालं, खर्च परवडत नव्हता, निमित्त मिळालं. मला वाटतं, दोन्ही खरं असू शकतं. ज्या स्पर्धेत जिंकून काही मिळत नाही, तिच्यावर मालक दरवर्षी कोट्यवधी का घालेल? पण किंमत मोजली ती खेळाडूंनी. एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या गोवेकर पोराला धेंपोच्या जर्सीत देशभर खेळायला मिळालं असतं, तो गोव्याच्या प्रो लीगपुरता राहिला. धेंपोनं तरुण मुलं घडवणं चालू ठेवलं, पण त्यांना दाखवायला मोठं मैदान नव्हतं.

परत का आला?

कारण शिडी परत लावली गेली. २०१९ मध्ये नवा आराखडा ठरला, त्यानुसार २०२२-२३ पासून आय-लीग अधिकृतपणे दुसरी श्रेणी झाली, आणि तिच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये जागा. २०२३ मध्ये पंजाब वर गेला, २०२४ मध्ये मोहम्मेडन.

धेंपोनं २०२३-२४ ची आय-लीग २, म्हणजे तिसरी श्रेणी, खेळली. स्पोर्टिंग क्लब बंगळूर पहिला, धेंपो दुसरा, दोघे वर. प्रशिक्षक कोण? समीर नाईक. तोच, सुवर्णकाळातला बचावपटू.

२०२४-२५ मध्ये धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. जेतेपदाच्या शर्यतीत नव्हता, पण टिकला. ही छोटी गोष्ट नाही. त्यांच्या सोबत वर आलेला बंगळूरचा संघ त्याच मोसमात पुन्हा खाली गेला. आणि शेवटच्या दिवशी, ६ एप्रिल २०२५ ला, कोळिकोडमध्ये धेंपोनं काय केलं? गोकुळम केरळ शर्यतीत होता, त्याला जिंकणं भाग होतं. गोकुळम २-० नं पुढे. धेंपोनं बरोबरी केली, आणि शेवटी ४-३ नं जिंकला. धेंपोला स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हतं. तरी खेळले. अशा सामन्यांवरून क्लब ओळखावा.

आता पुढे?

इथे गाडी पुन्हा अडते. त्या मोसमाचा विजेता मैदानात ठरलाच नाही. महासंघानं गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित केलं. वाद लॉझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये इंटर काशी विजेता ठरला. त्याच महिन्यात सुपर लीगच थांबली, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपत होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. डिसेंबर उजाडला तरी लीगचा चेंडू हलला नव्हता. आणि २०२४-२५ च्या मोसमापर्यंत वरून एकही संघ खाली उतरलेला नव्हता. म्हणजे शिडी होती, पण एकाच दिशेची, आणि वरचा मजलाही डळमळीत होता.

म्हणून धेंपोकडे बघताना गुणतक्त्यावरचा नंबर हा माझ्या मते दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, जिंकलं तर वर जाता येईल याची खात्री त्यांना कोण देणार? क्लबनं एकदा त्या प्रश्नाचं उत्तर 'कुणी नाही' असं समजून आठ वर्षं घरी काढली. आता गोव्यातली मुलं पुन्हा देशभर फिरून खेळतायत. तीच मुलं दुसऱ्यांदा घरी बसू नयेत, एवढंच.

तुमच्यापैकी कुणी फातोर्ड्याला किंवा कूपरेजवर धेंपोला खेळताना पाहिलं असेल तर आठवण जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. भेटूच. नमस्कार.