सागवानाचा नारिंगीपणा आणि भिंतीची पिवळी झाक

नंदुरबार, शहादा, तळोदे येथील जुन्या पेठांतील घरे सातपुड्याच्या सागवानावर उभी राहिली. खांब, तुळया, चौकटी, पेढीवरील उतरते मेज, पितळी भांड्यांचे कपाट, देव्हारा या सर्वांसाठी एकच लाकूड वापरले जाई. आता ही कुटुंबे गावाबाहेरील वसाहतींत नवे बंगले बांधत आहेत आणि आजोबांच्या काळातील कपाट नव्या दिवाणखान्यात आणून ठेवताच घरातील मंडळी चपापतात. जुन्या घरात गंभीर, तपकिरी वाटणारे ते कपाट येथे भडक नारिंगी दिसू लागते. पुष्कळदा ते आठवडाभरात जुने सामान घेणाऱ्याच्या टेम्पोत चढते आणि त्याच्या जागी लॅमिनेट लावलेल्या प्लायवूडचे कपाट येते. ज्या घरात रोजमेळात रुपयाचा फरक निघाला तर रात्री उशिरापर्यंत वह्या तपासल्या जातात, त्याच घरात भरीव सागवान असे विनातपासणी निघून जावे, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

वास्तविक कपाटाचा रंग त्या आठवड्यात मुळीच बदललेला नसतो. बदललेला असतो तो त्याचा शेजार. जुन्या धाब्याच्या घरात उजेड कमी, दिवा पिवळा आणि भिंत चुन्याची किंवा मातीची असे. नव्या घरात पांढऱ्या चकचकीत फरशा, निळसर पांढरा प्रकाश देणारे एलईडी आणि करडी झाक असलेली पांढरी भिंत असते. निळ्याच्या शेजारी नारिंगी रंग ठेवला की दोन्ही एकमेकांना अधिक उठाव देतात. डोळ्यांचा हा गुण पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या सरकारी कारखान्यातील रंगविभागाचे प्रमुख मिशेल यूजेन शेव्ह्रूल यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. कारखान्यातील काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. त्यांनी धागे तपासले, तेव्हा रंगाईत खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या व जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. कापडाच्या व्यापारात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज नसावी. तीच साडी वेगळ्या पदराशेजारी ठेवली की वेगळी दिसते, हे तो रोज पाहतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो, कारण घरोघरी गफलत होते ती याच ठिकाणी. विरोधी रंग एकमेकांत मिसळले तर परस्परांना मारतात. शेजारी ठेवले तर परस्परांना चढवतात. पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे चुन्यातील नीळ. नुसत्या चुन्याच्या भिंतीवर किंचित पिवळसर झाक राहते म्हणून रंगारी बादलीत चिमूटभर नीळ कालवीत. पिवळ्यावर निळ्याची वजावट होई आणि डोळ्याला भिंत शुभ्र दिसे. पांढऱ्या धोतराला शेवटच्या पाण्यात नीळ देण्यामागेही हाच हिशेब होता. ही नीळ म्हणजे बहुधा कृत्रिम अल्ट्रामरीन. मूळचे अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातील राजवर्त खड्यापासून बनत असे आणि ते इतके महाग होते, की स्वस्त पर्याय शोधणाऱ्यास फ्रान्समधील एका संस्थेने सहा हजार फ्रँकांचे बक्षीस लावले. ते १८२८ मध्ये गिमे या रसायनतज्ज्ञास मिळाले. हा रंग चुन्याच्या दाहकतेत टिकतो. आम्लाने मात्र उडतो. नीळ जास्त झाली की भिंत आजारी निळसर दिसते, हे जुन्या पिढीने पाहिलेले आहे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे नारिंगी कपाट ‘दाबण्यासाठी’ त्यामागील भिंतीला दिलेला निळा रंग. अशाने नारिंगीपणा दबत नाही, उलट उसळून वर येतो. तो शांत करावयाचा असेल तर भिंतीने लाकडाच्या जवळचे नाते धरले पाहिजे. साय, बदामी, फिकट मातकट किंवा किंचित पिवळसर पांढरा अशा छटांच्या शेजारी सागवान आपोआप नरम पडते. भिंत पांढरीच हवी असा घरातील तरुणांचा आग्रह असल्यास निळसर पांढऱ्याऐवजी सायीची झाक असलेला पांढरा निवडावा आणि दिवे बदलावेत. दिव्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन छापलेले असते, तो निळसर पांढरा प्रकाश. ३००० च्या आसपासचा आकडा असला की तो उबदार. ६५०० च्या जागी ४००० किंवा ३००० चे दिवे लावले तर केवळ तेवढ्याने भिंत आणि कपाट यांचे भांडण बरेचसे मिटते, आणि हा खर्च नव्या कपाटाच्या तुलनेत नगण्य आहे. म्हणून रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी दिवे बदलून पाहणे हाच शहाणपणाचा क्रम होय.

एवढे करूनही नारिंगीपणा खटकत असेल, तर दोष पॉलिशमध्ये शोधावा. ताजे रंधलेले सागवान हिरवट-पिवळ्या डागांचे दिसते आणि उजेडात हळूहळू सोनेरी तपकिरी होते. भडक नारिंगी रंग पुष्कळदा वरच्या थराचा असतो. जुनी तेलाची वार्निशे कालांतराने पिवळी पडतात, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश तर मुळातच नारिंगी असते. जैन कुटुंबांसाठी येथे आणखी एक विचार येतो. लाख हा कीटकांनी झाडांच्या फांद्यांवर स्रवलेला पदार्थ असून ती काढताना असंख्य जीव मरतात. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे ते त्यामुळेच. लाखेचा व्यापार कटाक्षाने टाळणाऱ्या घरात देव्हाऱ्यालाही लाखेचे पॉलिश होते, आणि ते केवळ कोणी विचारले नाही म्हणून. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन हा पर्याय आज सहज मिळतो. तो लाखरहित तर असतोच, शिवाय फारसा पिवळाही पडत नाही.

जुना थर काढल्यावर रंग देताना पॉलिशवाल्याला केवळ ‘डार्क करा’ असे सांगू नये. त्याच्याकडील भुकट्यांपैकी बर्न्ट सायना लाकडाला तांबूस करते आणि नारिंगीपणात भरच घालते. रॉ अंबर या भुकटीत हिरवट झाक असते. ती लालीवर वजावट करून लाकूड शांत तपकिरी करते. मिश्रण आधी कपाटाच्या मागील फळीवर लावून, वर पॉलिशचा हात देऊन, वाळल्यावर पाहावे. सागवानात अंगचे तेल असल्याने आधी पृष्ठभाग थिनरने पुसून घेणेही इष्ट. वरकरणी सागवानी वाटणारे पुष्कळ फर्निचर प्रत्यक्षात प्लायवूडवर व्हिनियर चिकटवलेले असते. त्यातील सागवान मिलिमीटरभरसुद्धा जाड नसते. यंत्राने जोरात घासले की खालचा थर उघडा पडतो आणि मग उपाय उरत नाही.

जुन्या दारांवर तैलरंगाचे थर असतील तर ते कोरडे घासणे टाळावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी जास्त असू शकते. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस घातक ठरते. असा थर ओला करून घासावा, धूळ ओल्या फडक्याने गोळा करावी आणि काम पुरे होईपर्यंत मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. नारिंगी झाक ही दिसण्याची गोष्ट आहे. ही आरोग्याची आहे.

काही मंडळी सागवानाला थेट पांढरा रंग देतात. तेव्हा लाकडातील रंगद्रव्ये वर झिरपून काही दिवसांत पिवळट-तपकिरी डाग उमटतात. डाग रोखणारे प्रायमर आधी न दिल्यास कितीही हात मारले तरी ते पुन्हा येतात. पांढरा तैलरंग अंधारातही पिवळा पडतो. कपाटामागील किंवा सदैव बंद असलेले दार उजेडातल्या दारापेक्षा पिवळे दिसते ते त्यामुळे. तेथे पाण्यावर आधारित इनॅमल वापरणे बरे.

नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी मालाचा रंग पथारीवर, उघड्या उन्हात पाहतो. दिव्याखाली दाखवलेल्या मिरचीला तो भाव देणार नाही. तोच माणूस सुरतेला जाऊन सोफ्याचे कापड मात्र दुकानातील झगझगीत दिव्यांखाली पसंत करतो, आणि गाडी नवापूर ओलांडून घरी पोहोचल्यावर त्या करड्या कापडात जांभळी झाक दिसू लागते. कापडाचा तुकडा दुकानाबाहेर उजेडात न्यावा, शक्य झाल्यास घरी आणून कपाटाशेजारी ठेवावा. भिंतीच्या रंगाचेही तसेच. शेड कार्डावरील बोटभर चौकोनावर विसंबून राहू नये. चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे खोलीत तो अधिक गडद उतरतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून, शेजारी कोरा पांढरा कागद धरून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. करड्यात लपलेला हिरवा किंवा गुलाबी अंश पांढऱ्या कागदाशेजारी तत्काळ उघड होतो.

पसंती झाल्यावर लागणारा सर्व रंग एकदमच घ्यावा आणि डबे मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्यावेत, कारण यंत्रावर बनवलेल्या दोन डब्यांतही किंचित फरक राहू शकतो. रंगाचा क्रमांक आणि बेसचे नाव घरखर्चाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवले, तर पाच वर्षांनी एकाच भिंतीला हात द्यावा लागला तरी संपूर्ण खोली रंगवावी लागत नाही.