दुखणं थांबल्यानंतरचं काम

२१ जुलै २०११. लॉर्ड्सवर कसोटी क्रिकेटच्या इतिहासातला दोन हजारावा सामना सुरू झाला होता. कुक आणि स्ट्रॉस या इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांना भारताच्या झहीर खानने तंबूत धाडलं होतं. चौदावं षटक टाकताना त्याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. १३.३ षटकं, १८ धावा, २ बळी. पुढे इंग्लंडने ८ बाद ४७४ धावा करून डाव घोषित केला. गोलंदाज इतके कमी पडले, की यष्टिरक्षण द्रविडकडे सोपवून धोनीला स्वतः चेंडू हातात घ्यावा लागला.

झहीर मूळचा श्रीरामपूरचा. त्याचं बालपण आणि शाळा तिथलीच. दुखापतीतून परतताना नेमकं काय करावं लागतं आणि कुठे घोटाळा होतो, हे त्याच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसतं.

धावताना पुढे फेकलेला पाय जमिनीवर टेकण्याआधी आवरायचा, हे मांडीमागच्या स्नायूचं काम. तो ताणला जात असतो आणि त्याच क्षणी त्याला जोरही लावावा लागतो. तिथेच तो फाटतो. पहिले काही दिवस सूज असते. नंतरच्या आठवड्यांत फाटलेल्या जागी नवे तंतू तयार होतात, पण ते वेडेवाकडे, कमजोर असतात. त्यांना सरळ रांगेत आणून बळकट करायला महिने लागतात, आणि तेही त्यांच्यावर हळूहळू भार पडत गेला तरच. दुखणं मात्र बरंच आधी थांबतं. ठसठस गेली की माणसाला वाटतं, झालं, आपण बरे झालो. खरा धोका इथे आहे. हा स्नायू एकदा दुखावलेल्या खेळाडूचा तो पुन्हा दुखावण्याची शक्यता जास्त असते.

लॉर्ड्सनंतर दोन आठवड्यांनी नॉर्थॅम्प्टनच्या सराव सामन्यात झहीर उतरला, जेमतेम काही षटकं टाकली आणि पुन्हा बाहेर गेला. दौरा संपला. पुढे दुखऱ्या घोट्याचीही शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर मात्र घाई झाली नाही. आधी रणजी क्रिकेट आणि मग ऑस्ट्रेलिया, अशा पायऱ्या चढत तो डिसेंबरात मेलबर्नला पोहोचला आणि पहिल्या डावात त्याने ४ बळी घेतले.

२०१२च्या अखेरीस संघाबाहेर पडल्यावर त्याने केलेली मेहनत याहून मोठी. वय चौतिशीचं. २०१३मध्ये तो युवराजसिंगबरोबर फ्रान्समधल्या ब्रीव्ह शहरात जाऊन राहिला आणि प्रशिक्षक टिम एक्सेटर यांच्या हाताखाली शरीर नव्याने घडवत राहिला. डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कसोटीत त्याने दोन डावांत मिळून साठच्या आसपास षटकं टाकली आणि कॅलिसला पायचीत करून ३००वा बळी मिळवला. बळींचं कौतुक झालंच, पण दुखापतीच्या हिशेबात ती साठ षटकं जास्त मोलाची. आपण बरे झालो का, याचं उत्तर शरीर किती भार पेलतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं असतं, यातून मिळतं.

अकोले तालुक्यातलं १६४६ मीटर उंच कळसूबाई शिखर उतरताना पाय मुरगळलेल्या माणसालाही हाच हिशेब लागू आहे. इजा झाल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. ताज्या सुजेवर जोरात चोळणं टाळावं. पण पायाला पट्टी बांधून महिनाभर खाटेवर पडून राहणं हाही उपाय नव्हे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८मध्ये मांडणारे डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे मत बदललं. बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं, असं त्यांनी सांगितलं.

फिजिओथेरपिस्ट सुरुवातीला साधं काम देतात: एका पायावर तोल सांभाळणं, टाचा उचलणं, सपाटीवर चालणं. मग जिने. उतार सर्वांत शेवटी, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच अख्खं अंग आवरावं लागतं. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याला हे पोरखेळ वाटतात आणि बहुतेकजण तिथेच कंटाळतात. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली किंवा चाल लंगडी दिसली, तर भार एक पायरी खाली आणायचा.

काही दुखणी मात्र पूर्वीचा भार पुन्हा पेलू देत नाहीत. ऑक्टोबर २०१५मध्ये झहीरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती घेतली, तेव्हा दिवसाला अठरा षटकं टाकण्याचा ताण आपला खांदा सोसणार नाही, हेच कारण त्याने दिलं. पण त्याच खांद्याने तो पुढचे दोन हंगाम आयपीएलमध्ये दिल्लीचं नेतृत्व करत खेळला. तिथे गोलंदाजाच्या वाट्याला येतात फक्त चार षटकं.