बंदरावरचा बावटा आणि पडद्यावरचे चित्र

मे महिना सरत आला, की मालवणच्या किनाऱ्यावर आवराआवर सुरू होते. होड्या वाळूवर वर ओढल्या जातात, जाळी वाळवून आत ठेवली जातात, पडवीला झापांचा आडोसा होतो, वर्षाचा लाकूडफाटा कोरड्या जागी रचला जातो. ही तयारी किनाऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. परंतु आणखी एक तयारी आहे, जिचा हिशेब अद्याप कोणीच मांडलेला नाही. वादळाची वार्ता घरात येण्याची वाट गेल्या काही वर्षांत पार बदलून गेली आहे. त्या नव्या वाटेची आम्ही पुरती पारख केली आहे काय, हा प्रश्न आज विचारणे आम्हास अगत्याचे वाटते.

दूरदर्शनचे प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले व २ ऑक्टोबर १९७२ रोजी ते मुंबईत आले. पुढे १९८४ च्या सुमारास लघुशक्तीचे प्रक्षेपक देशभर झपाट्याने उभे राहिले आणि कौलारू घरांवरही बांबूच्या टोकाला अँटेना दिसू लागल्या. वारा सुटला की चित्रात मुंग्या येत, मग घरातील एखादा मुलगा वर चढून अँटेना फिरवी आणि खालून "आलं, आलं, गेलं!" असा पुकारा होई. तो जमाना आता संपला. मोजून पन्नासच्या आसपास मोक्याची ठिकाणे वगळता देशातील अ‍ॅनलॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने घेतला. केबलच्या डिजिटलीकरणाचा चौथा व अखेरचा टप्पा ग्रामीण भागाचा होता. त्याची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती.

हा निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. अ‍ॅनलॉग पद्धतीत एक वाहिनी जेवढी लहर अडवून बसते, तेवढ्याच जागेत डिजिटल पद्धतीने अनेक वाहिन्या सामावतात. जुन्या यंत्रांवरील खर्चात वर्षाला सुमारे १०० कोटी रुपयांची बचत होईल, असेही त्या वेळी सांगण्यात आले होते. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा उपलब्ध असल्याने, एकदाच छत्री व बॉक्स घेतला की दरमहा काही द्यावे लागत नाही. जुन्याच्या मायेपोटी नव्यास विरोध करणे हे सुज्ञपणाचे लक्षण नव्हे.

तथापि नव्या पद्धतीचा एक स्वभाव आहे आणि तो किनाऱ्याने ओळखून असावयास हवा. अ‍ॅनलॉग लहर क्षीण झाली तर चित्र अंधुक होई, आवाज खरखरे, पण निवेदकाचे चार शब्द तरी कानी पडत. डिजिटल लहर एका मर्यादेपर्यंत निर्दोष चित्र देते आणि ती मर्यादा ओलांडली की चित्र व आवाज दोन्ही एकदम नाहीसे होतात. त्यात छत्रीवर येणाऱ्या उपग्रहाच्या लहरी इतक्या आखूड असतात, की मुसळधार पावसाचे थेंब त्यांना वाटेतच शोषून घेतात. जमिनीवरील प्रक्षेपकांतून डिजिटल प्रक्षेपण करण्याची दूरदर्शनची योजना २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व त्या वेळचे औरंगाबाद ही दोनच शहरे होती, सिंधुदुर्ग नव्हता. म्हणजे ज्या किनाऱ्यावर पाऊस सर्वाधिक कोसळतो, त्याच किनाऱ्याचा दूरदर्शन संच ऐन पावसात मुका होण्याचा संभव अधिक. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली व मोबाइलही निरुपयोगी ठरले. अशा वेळी कोणत्या वाहिनीचे चित्र किती सुबक आहे, ही चर्चा व्यर्थ होय.

अन्य देशांनी हा बदल कसा केला, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने २००७ च्या ऑक्टोबरात आरंभ केला तो व्हाइटहेवन या समुद्रकाठच्या छोट्या गावापासून. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांसाठी व अपंगांसाठी तेथे खास योजना होती: माणूस घरी येई, बॉक्स जोडून देई आणि तो कसा चालवावा हे शिकवून मगच जाई. जपानने २४ जुलै २०११ ही तारीख ठरविली होती. परंतु त्या वर्षीच्या मार्चमध्ये भूकंप व त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या तीन प्रांतांपुरती ती ३१ मार्च २०१२ पर्यंत पुढे ढकलली. संकटात सापडलेल्या घराची बातमी तोडावयाची नाही, एवढा विवेक त्या शासनाने दाखविला.

आमच्याकडे हे काम कोणी केले? बहुतेक घरांत ते मुंबईच्या चाकरमान्याने केले. आमच्या परिचयातील एका घरी मालवण तालुक्यात वृद्ध आई एकटी राहते. गणपतीस आलेल्या मुलाने छत्री बसविली, बॉक्स जोडला आणि तो परतला. दोन रिमोटांपैकी कोणता आधी दाबावयाचा, याचा उलगडा न झाल्याने त्या माउलीने चार महिने संचच लावला नाही. फोनवर मुलाला मात्र "सगळा बरा आसा" असेच ती सांगत राहिली. आपण वस्तू दिली. ती वापरण्याचा आत्मविश्वास द्यावयास विसरलो. शिक्षकी पेशात काही वर्षे घालविलेल्या आम्हास हा फरक विशेष टोचतो.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. जिल्हा प्रशासनाने किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीत व मच्छीमार सोसायटीत बॅटरीवर वा सौरऊर्जेवर चालणारा संच पावसापूर्वी तपासून सज्ज ठेवावा. दुसरे, दोन सेलांवर चालणाऱ्या रेडिओस ज्या प्रक्षेपकांचा आधार आहे, ते पर्याय उभा केल्याखेरीज बंद करू नयेत. तिसरी सूचना आमच्या वाचकांस. मेच्या सुटीत गावी जाल, तेव्हा एक दुपार आईवडिलांपाशी बसा. रिमोट त्यांच्या हाती द्या, बटणे त्यांनाच दाबू द्या आणि बातम्यांच्या वाहिनीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. निघताना जुना रेडिओ व नवे सेल ठेवून या.

बंदरावर धोक्याचा बावटा आजही चढतो. दिवसा खूण, रात्री दिवे. त्याला ना वर्गणी लागते, ना बॉक्स. शाळेची पायरी न चढलेला खलाशीही 'तीन नंबर' पाहून होडी समुद्रात लोटत नाही. दूरदर्शन अवश्य डिजिटल होवो. परंतु त्याची कसोटी बावट्यानेच घ्यावयास हवी. शेवटच्या घरातील शेवटच्या माणसास, वाऱ्यापावसात, वेळेवर समजले काय? या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे येईपर्यंत आमची तयारी अपुरीच म्हणावी लागेल.