काळ्या शाईची साक्ष: कृष्णधवल इंकजेट मुद्रिते आणि सूर्यप्रकाश

हस्तलिखिताचे पान असो वा लेखकाचे जुने छायाचित्र, मूळ वस्तू कपाटात आणि तिचे इंकजेट मुद्रित काचेआड, अशी व्यवस्था ग्रंथालयांत आता सर्रास आढळते. मुद्रित कृष्णधवल असेल तर कोणी फारशी चिंता करीत नाही. रंग उडतात, काळे उडत नाही, अशी समजूत त्यामागे असते. ती अर्धीच खरी आहे.

इंकजेटचे काळे एकजिनसी नसते. रंजकयुक्त शाईचे रेणू कागदात सुटे मुरतात. प्रकाश, विशेषतः अतिनील किरण, त्यांची रचना मोडतो. रंगद्रव्ययुक्त शाईत अविद्राव्य कण असतात आणि ते अधिक तग धरतात. त्यांतही कार्बन सर्वांत चिवट. काजळाच्या शाईने लिहिलेल्या पोथ्यांची अक्षरे शतकानुशतके काळी राहिली, ती याच द्रव्यामुळे. मात्र निव्वळ कार्बनच्या राखाडी छटा किंचित तपकिरी दिसतात. त्या तटस्थ करण्यासाठी अनेक यंत्रे निळसर व किरमिजी शाईचे सूक्ष्म थेंब मिसळतात. काही तर सारी राखाडी छटा रंगीत शायांतूनच घडवतात. या शाया सारख्या गतीने उडत नाहीत. परिणामी चित्र केवळ फिकट होत नाही, त्याचा वर्ण पालटतो. (प्रत्येक पालट उन्हाच्या माथी मारू नये. 2000 साली एप्सनच्या स्टायलस फोटो 870 यंत्रावरील काही मुद्रिते थोड्याच काळात नारिंगी झाली. तिथे मुख्य दोष हवेतील ओझोनचा होता.)

शाईच्या वेष्टनावरील 'शंभर वर्षे' हा आकडाही नीट वाचावा लागतो. विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या अमेरिकी संस्थेच्या प्रदर्शन-आयुष्याच्या अनुमानात दिवसाला 12 तास 450 लक्स प्रकाश गृहीत धरलेला असतो, म्हणजे 5,400 लक्स-तास. थेट ऊन सुमारे 1,00,000 लक्सचे. उन्हाचा एकच तास त्या हिशेबातील अठराहून अधिक दिवस खातो, आणि उघड्या उन्हातील अतिनील किरणांचा जादा मारा यात धरलेलाच नाही. साधी खिडकीची काच त्यांतले सगळे अडवीत नाही.

कागदाचाही वाटा आहे. कृष्णधवल चित्रातील शुभ्र म्हणजे कोरा कागदच. तो अधिक पांढरा भासावा म्हणून घातलेली प्रकाशवर्धक द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देतात. उन्हात ती निकामी झाली की कागद पिवळट दिसू लागतो. शाईतली निळसर छटा उडाली आणि कागद पिवळला, की दहा वर्षांचे मुद्रित शतकभर जुन्या तपकिरी छायाचित्रासारखे दिसते. प्रतिमेच्या वर्णावरून काळ ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकाची इथे सहज फसगत होते. चौकटीच्या कडेखाली झाकली राहिलेली मुद्रिताची पट्टी अशा वेळी उघडून पाहावी. मूळ छटा बहुधा तिथे शिल्लक असते.