शमुवेल ते सामाजी: एका नावाचा माग

नवसाच्या पोराचं नाव ठेवताना आपली माणसं आडपडदा ठेवत नाहीत. जोतिबाला बोललं असेल तर जोतिराम, देवापुढं पदर पसरला असेल तर भिकाजी, नाहीतर सरळ नवसू. आमच्या शिरोळ तालुक्यात ही नावं मागच्या दोन पिढ्यांपर्यंत सर्रास होती. नाव उच्चारलं की आईनं काय सोसलं ते कळायचं.

याच पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत भेटणारं शमुवेल हे नावही असंच नवसाचं आहे. फरक एवढाच, की या नवसाचा हिशेब अभ्यासकांना आजवर पुरता जुळवता आलेला नाही.

बायबलच्या जुन्या करारात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ही गोष्ट येते. एलकानाला दोन बायका. पनिन्नेची कूस भरलेली, हन्नेची रिकामी. सवत टोचून बोलते. दरवर्षी शिलोच्या देवस्थानाला कुटुंब जातं, तिथं हन्ना रडते, जेवत नाही. शेवटी ती नवस बोलते: मुलगा दे, तो तुलाच वाहीन. ती मनातल्या मनात बोलत असते, फक्त ओठ हलतात. म्हातारा याजक एली तिला दारू प्यालेली समजतो. पुढं मुलगा होतो. विसाव्या वचनात ती त्याचं नाव शमुवेल ठेवते आणि कारणही सांगते: मी त्याला परमेश्वराकडं मागितलं म्हणून.

अडचण इथंच आहे. हिब्रूत ‘मागणे’ या अर्थाचा धातू शाअल. त्यापासून बनणारं नाव शाऊल, म्हणजे आपल्या मराठी बायबलातला शौल, इस्राएलाचा पहिला राजा. शाऊल म्हणजे मागून घेतलेला, आपला भिकाजीच. शमुवेल या नावात मात्र तो धातू व्याकरणानं बसत नाही. आणि गोष्ट सांगणारा तर त्याच धातूचा घोष लावून बसला आहे. सतराव्या वचनात दोनदा, विसाव्यात एकदा, सत्ताविसाव्यात दोनदा, अठ्ठाविसाव्यात दोनदा, असा एकाच अध्यायात तो सात वेळा येतो. अठ्ठाविसाव्या वचनात तर हन्ना मुलाला देवाच्या हवाली करताना म्हणते, हा परमेश्वराला ‘शाऊल’ आहे. जन्म शमुवेलाचा आणि नाव कानी पडतं शौलाचं!

मग शमुवेल म्हणजे काय? हिब्रूत हे नाव पाच अक्षरांचं: शिन, मेम, वाव, अलेफ, लामेद. शेवटच्या अलेफ-लामेदचा उच्चार एल, म्हणजे देव. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आधीच्या तीन अक्षरांचा.

लोकप्रिय अर्थ आहे ‘देवानं ऐकलं’. हन्नेच्या गोष्टीला तो छान शोभतो, पण अक्षरं आड येतात. हिब्रूत ऐकणे म्हणजे शामा, आणि त्याच्या शेवटी आयिन हे घशातलं अक्षर असतं. इश्माएल या नावात ते ठसठशीत दिसतं, आणि त्याचा अर्थ खरोखरच ‘देव ऐकतो’ असा आहे. शमुवेलात आयिन नाही. ते गळून पडलं म्हणावं, तर त्याला सबळ पुरावा लागतो.

मध्ययुगातल्या काही ज्यू टीकाकारांनी दुसरी वाट काढली. ‘शाऊल मे-एल’, म्हणजे देवाकडून मागितलेला, याचा तो संक्षेप आहे असं ते म्हणतात. गंमत अशी, की शाऊल या नावाची चारही अक्षरं शमुवेलात सापडतात. क्रम थोडा बदलतो आणि एक मेम वाढतो. व्याकरण म्हणून हे टिकत नाही. पण कानानं ऐकणाऱ्याला ते पटून जातं, आणि माझ्या मते तिथंच खरी किल्ली आहे.

तिसरा अर्थ आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेकांना जवळचा वाटतो. शेम म्हणजे नाव. शमू-एल म्हणजे ‘देवाचं नाव’ किंवा ‘ज्याचं नाव एल’. मधला उकार हा जुन्या विभक्तीचा अवशेष. एस. आर. ड्रायव्हर यांनी १८९० मध्ये शमुवेलाच्या पुस्तकांवर टिपणं लिहिली, त्यांत पनुएल या नावाशी याची तुलना केली. पनुएल म्हणजे देवाचं मुख. शिवाय हा घाट इस्राएलाच्याही आधीचा आहे. इसवी सनापूर्वी एकोणिसाव्या शतकात बाबिलोनवर राज्य करणारा, हम्मुराबीचा पूर्वज, त्याचं नाव सुमू-ला-एल.

मग विसाव्या शतकात काही पंडितांनी निकाल दिला: ही मुळात शौलाच्याच जन्माची कथा, नंतर कुणीतरी शमुवेलाच्या नावावर चढवली. मला हा निकाल घाईचा वाटतो. याच पुस्तकात आठव्या अध्यायात लोक शमुवेलाकडं राजा ‘मागायला’ येतात, आणि धातू तोच, शाअल. देवानं दिलेला राजा निघतो शौल, आणि त्याच्या डोक्यावर तेल ओततो तो हाच शमुवेल. एका बाईनं मागितलं ते पोर देवाचं झालं. एका लोकसमूहानं मागितलेल्या राजाचा शेवट मात्र दुःखाचा झाला. पहिल्याच अध्यायात सात वेळा वाजलेला तो शब्द पुढच्या दुःखाची चाहूल आहे. इतक्या जाणत्या कथाकाराला चोर ठरवायचं कारण नाही. नाव जुनंच, अर्थ ‘देवाचं नाव’ हाच असावा. हन्नेचं मागणं त्याला नादानं जोडलं गेलं. नामकरणाच्या कथा कानासाठी असतात.

हेच नाव महाराष्ट्रात आलं तेही कानावरच. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजापाशी कित्येक शतकं हिब्रू ग्रंथ नव्हते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना एवढं त्यांनी जपलं. नावं जपली, पण त्यांना मराठी घाट दिला: अब्राहामचा अबाजी, इसहाकचा इसाजी, यहेज्केलचा हसाजी, शमुवेलचा सामाजी. आडनावं गावांवरून, आपल्यासारखीच.

त्यातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल एझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. बेने इस्राएल समाजात आजही सांगतात, की जात विचारल्यावर त्यांनी ‘बनी इस्राएल’ म्हटलं, आणि हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईनं त्यांना वाचवलं. सुखरूप परतलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांनी नवस केला होता म्हणतात. मुंबईत मांडवीला १७९६ साली ‘शाआर हा-रहामीम’, दयेचं द्वार, हे शहरातलं पहिलं सिनेगॉग त्यांनी उभारलं. तिथली सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. हन्नेच्या नवसातून आलेलं नाव लावणारा माणूस स्वतःही नवसच फेडून गेला, ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

पुढं हिब्रू अक्षरं परत आली. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी ज्यू प्रार्थना मराठीत आणल्या. हाइम सॅम्युअल केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. सामाजी पुन्हा सॅम्युअल झाला.

आमच्याकडं हे नाव वेगळ्या वाटेनं पोचलं. १८५२ मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. आमच्या तालुक्यातलं जयसिंगपूर तेव्हा नव्हतंच. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ही पेठ वसवली, कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कडेला. कोल्हापूर आणि मिरज या दोन केंद्रांच्या मधल्या गावांत मराठी बायबलातून शमुवेल, हन्ना, एस्तेर ही नावं घरांत आली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला केलेला संपूर्ण बायबलचा अनुवाद, त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळातून मराठीत यायची वाट एका मराठी बाईनं अशी स्वतः घालून दिली.

आता शमुवेल मागं पडतोय. नव्या पाळण्यांत सॅम आहे, सॅम्युअल आहे. त्याची खंत करून उपयोग नाही. पण मिरज, कोल्हापूर, जयसिंगपूरच्या ख्रिस्ती घरांत आणि कोकण-मुंबईच्या बेने इस्राएल घरांत आजी-आजोबांची नावं बाप्तिस्म्याच्या नोंदीत, कतुब्यात म्हणजे ज्यू लग्नाच्या करारपत्रात, जुन्या पोथीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहेत. कुठं शमुवेल, कुठं सामाजी, कुठं सामुएल, जसं कानी पडलं तसं. ज्यांच्याकडं अशी पानं असतील त्यांनी त्यांचे फोटो काढून ठेवावेत, शेजारी गाव आणि साल लिहावं, आणि जवळच्या ग्रंथालयाला एक प्रत द्यावी.